केसरआक्काची हजेरी

मी थापा मारतो असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण केसरआक्काच्या बाबतीत माझी पंचाईत होते. ती बाईच मूळची एवढी मोठी, की तिच्याबद्दल खरं सांगितलं तरी ऐकणारा निम्मं कापून घेतो. म्हणून मी आधीच दुप्पट करून सांगतो, म्हणजे कापून झाल्यावर जेवढ्यास तेवढं उरतं.

नंदुरबारला मिरचीच्या हंगामात गावाबाहेरची मैदानं लाल होतात. ओली मिरची वाळत घालायची त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. अशाच एका पथारीवर केसरआक्का मुकादम होती. देठ खुडणाऱ्या, पांढरी पडलेली फटकी मिरची वेचून काढणाऱ्या बायांची फौजच्या फौज तिच्या हाताखाली. आवाज असा, की तिनं इथे ‘चला वं, हात चालू द्या’ म्हटलं की तिकडे खांडबाऱ्याच्या स्टेशनात उभी राहिलेली गाडी घाबरून सुटायची.

आमची गल्ली पथारीला लागून. वारा फिरला की मिरचीची पूड घराघरात. गल्लीत नवा पाहुणा आला की तोंडावर रुमाल धरून ढसाढसा रडतो. आमच्याकडच्या सोयरिकी पटकन जमतात त्या यामुळेच. मुलाकडची माणसं दारातच रडताना पाहून मुलीच्या बापाला वाटतं, काय मायाळू लोक आहेत. पण केसरआक्का उभ्या जन्मात शिंकली नव्हती. तिच्या मते शिंक म्हणजे कामचुकारपणा. पथारीवर एखादी बाई शिंकली की आक्का तिच्याकडे अशी पाहायची, की दुसरी शिंक आल्या वाटेनं परत जायची.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हजेरी घ्यायची ती तोंडावरून. रोज सकाळी फाटकात उभी राहून प्रत्येकीला विचारायची, “तू कोण? कोना घरनी? आज काय करशी?” वीस वर्षं येणाऱ्या बाईलाही हाच सवाल. मी एकदा म्हटलं, “आक्का, तुमची सख्खी बहीण आहे ती, तिला काय विचारता?”

“काल ती कामनी व्हती, मास्तर. आजनं माले काय माहीत?”

मी मास्तर म्हणजे शाळेतला चित्रकलेचा मास्तर, आता निवृत्त. आक्काच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, आणि ती भिंतही आक्काच्या आवाजामुळे माझ्या बाजूला थोडी झुकलेली.

तिचा आणखी एक कायदा होता. बाई काम करता करता मध्येच बसली, तर बाकीचे मुकादम शिव्या घालत. आक्का कधी नाही. ती जवळ जाऊन बसायची, कपाळाला हात लावायची, पायाला काटा लागलाय का बघायची. “कोनी खाली बठनं ते शिवी देवानी नही, काबरं बठनं ते दखानं,” असं तिचं म्हणणं. बहुतेक वेळा कारण सापडायचं. सापडलं नाही, तर मग शिवी. ती मात्र अशी, की शेजारच्या तालुक्यातल्या आळशी बायाही उठून कामाला लागायच्या.

आता या बाईच्या आयुष्यात कॉम्प्युटर कुठून आला, ते सांगतो. तिचा मुलगा प्रकाश नवापूरहून अंडी भरून सुरतेला नेणारी पिकअप चालवतो. घरी यायचा चार-सहा दिवसांनी. त्याची बायको वैशाली, माहेर खांडबाऱ्याचं. पोरगी शिकलेली, शांत, आणि जिद्दी. सरकारी कचेरीतल्या टंकलेखकाच्या जागेची परीक्षा तिनं दोनदा दिली आणि दोनदा हुकली. लेखी परीक्षेत पास, मराठी टायपिंगच्या वेगात नापास. आता एकच संधी उरलेली, कारण त्यानंतर वयाची अट आडवी येणार होती. लेखी परीक्षा ती तिसऱ्यांदा पास झाली, आणि टायपिंगच्या चाचणीला दीड महिना राहिला.

सराव करायचा कशावर? तर गल्लीच्या तोंडाशी एक सायबर कॅफे बंद पडलं होतं, तिथला एक जुना कॉम्प्युटर प्रकाशनं आणून दिला. आणि इथूनच खरी लढाई सुरू झाली, कारण तसला संथ प्राणी मी तरी दुसरा पाहिला नाही. वैशाली सकाळी बटण दाबायची, धुणं धुवायची, वाळत घालायची, वाळलेलं काढून घड्या करायची आणि येऊन बघायची, तर पडद्यावर ते गोल चाक अजून फिरतंय. एकदा पडद्यावर पाल चढली. पाल आणि माऊसचा बाण यांची शर्यत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. पाल मध्ये थांबून एक माशी खाऊनही पुढे निघून गेली.

टायपिंगची तर विटंबना. वैशाली ‘महाराष्ट्र शासन’ टाइप करायची आणि पडद्यावर ‘म’ उमटेपर्यंत वाट बघायची. अक्षर उमटत नाही म्हणून पोरगी पुन्हा तीच कळ दाबायची, मग एकदम चार ‘म’ यायचे. ते खोडायला गेली की मागचं वाक्यही खोडलं जायचं. बोटांना मिनिटाला पंचवीस शब्दांचा वेग होता, मशीनला तीनचा. दोन आठवडे असेच गेल्यावर ती एक दिवस कीबोर्ड बाजूला सारून म्हणाली, “आत्या, मी नाही बसत परीक्षेला. उगाच तिसऱ्यांदा हसू नको व्हायला.”

आक्का चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. “तू नही बठनी, पोर. ती मशीन बठनी,” ती म्हणाली. “ती काबरं बठनी ते मी दखस.”

दुसऱ्या दिवशी आक्का पथारीवर गेली नाही. हंगामात मुकादम घरी, म्हणजे तापी उलटी वाहिल्यासारखं. स्टेशनजवळून तिनं एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावून आणलं. त्यानं पडद्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, “व्हायरस आहे. सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल.”

“घरमा माशी शिरनी ते तू घर पाडस का?” आक्कानं विचारलं.

तो म्हणाला, “मग डबा मागून उघडून बघू द्या.” आणि त्यानं डब्याच्या पाठीला हात घातला. आक्कानं तो हात असा झटकला, की बिचाऱ्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढं गेलं. कारण त्या डब्याला आक्कानं जॅकेट शिवलं होतं. हे जॅकेट महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा. बारदानाचं, आतून जुन्या गोधडीचं अस्तर, चारी बाजूंनी पक्की शिवण, वायरींपुरती भोकं आणि पुढे हिरव्या दोऱ्याचा एक पोपट. मिरचीची पूड आत जाऊ नये म्हणून मशीन घरात आली त्याच दिवशी तिनं ते शिवलं होतं. आमच्या गल्लीत सगळेच असं काहीतरी करतात. मी टीव्हीला जुनं धोतर गुंडाळतो. पण इतकं बळकट काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

“आंगवरनं काढानं नही,” आक्का म्हणाली. “धूळ जाई.”

“मग नवा घ्या,” म्हणून तो निघून गेला. जाताना फाटकापाशी पाच वेळा शिंकला. आक्कानं मान हलवली. “हाऊ काय काम करी,” ती मला म्हणाली. “मास्तर, तुमना शायमा कॉम्प्युटर व्हता ना? बठा आठे.”

शाळेत आम्हाला सक्तीचं प्रशिक्षण झालं होतं. त्यात मी मुख्यतः चहा प्यायलो होतो, पण एवढं आठवत होतं की चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची एक यादी उघडते आणि कोण किती शक्ती खातंय ते त्यात दिसतं. मी ती यादी उघडून दाखवली. आक्का पुढे सरकली. डोळे लकाकले. “अरे, हाई ते मस्टर शे,” ती म्हणाली.

आणि तिनं हजेरी सुरू केली. वैशाली एकेक नाव वाचायची, मी ते काय करतं ते सांगायचो आणि आक्का विचारायची, “तू कोण? आज काय करशी?”

“हा प्रिंटरचा, आत्या.”

“आपले घर प्रिंटर शे का?”

“नाही.”

“मंग हाऊ सकायपासून कोनी वाट दखी ऱ्हायना? काढ तेले.”

एक गाण्यांचा निघाला, एक पत्त्यांच्या खेळाचा. एक दिवसभर फक्त हवामान सांगत होता. त्याला आक्कानं खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि म्हणाली, “माले डोळा शेतस.” सायबर कॅफेच्या काळातले कुणाकुणाचे किती नोकर त्या मशीनवर तसेच मुक्कामाला होते, आणि बटण दाबलं की सगळे एकदम फाटकातून आत घुसून जेवायला बसत होते. “काम करनारी एक, खानारा चाळीस,” आक्का म्हणाली. “ती माय चाली कशी?” एकेकाला सकाळी आपोआप सुरू होण्यापासून बंद केलं. मग साठवणीची पाळी आली. जागा गच्च भरलेली. कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या फायली तशाच आत पडून असतात हे कळल्यावर तर ती माझ्यावरच उखडली. “फेकेल कचरा अजून घरमा? तुमी मास्तर लोके झाडू मारीसन कचरा खाटखाले लोटतस, तसंच हाई.” हे माझ्या बायकोनं तिला सांगितलं असणार.

मशीन खरोखर सुधारली. धुणं वाळायच्या आत सुरू होऊ लागली. पण दुसऱ्या दिवशी वैशाली टाइप करायला बसली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं. हजेरीच्या झपाट्यात आक्कानं मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमलाही हाकलून दिलं होतं. तो गुपचूप कोपऱ्यात बसून काम करणारा, दिसायला रिकामा. मला वाटलं, आक्का आता माझ्यावर ढकलणार. तिनं स्वच्छ सांगितलं, “मानूस वळखामा चुकनू मी.” पथारीवर तिची रीत होती. चुकून काढलेल्या बाईला परत बोलवायचं तर मुकादमानं स्वतः चहा द्यायचा. तिनं आलं घालून चहा केला, कप कॉम्प्युटरपुढे ठेवला आणि मग मला म्हणाली, “आते बलावा तेले.” मी तो परत चालू केला. चहा मीच प्यायलो, पण तो गार होईपर्यंत तिनं मला हात लावू दिला नाही.

एवढं करूनही एक खोड राहिली. सकाळी पहिला अर्धा तास मशीन हरणासारखी पळायची, मग हळूहळू म्हैस व्हायची, आणि शेवटी डबक्यात बसलेली म्हैस. बंद करून तासाभरानं लावली की पुन्हा हरीण. मी म्हटलं, “म्हातारी झाली, आक्का. नवीनच बघा.” वैशालीनंही मान हलवली. परीक्षेला दोन आठवडे राहिले होते.

आक्कानं पाट घेतला आणि मशीनच्या शेजारी बसली. वैशाली टाइप करत होती. थोड्या वेळानं मशीन अडखळायला लागली. आक्कानं हात पुढे केला आणि कामावरच्या बाईच्या कपाळाला लावावा तसा त्या जॅकेटला लावला. मग पोपटाखालून हात आत घातला.

“येले ताप शे,” ती म्हणाली.

कुणी काही बोलायच्या आत तिला सगळं समजलं होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. आयुष्यभर ज्या बाईनं दुसऱ्याची चूक एका नजरेत पकडली, तिनं त्या दिवशी तीच नजर स्वतःकडे वळवली. ते पाहणं सोपं नव्हतं, मी थोडा वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. आक्कानं ब्लेड मागितलं. एकेक टाका उसवला. पक्की शिवण होती, बराच वेळ लागला. पोपट मात्र तिनं जपून कापून बाजूला ठेवला. “मन्हाच हातखाल ती गुदमरी ऱ्हायनी व्हती,” एवढंच ती म्हणाली. “आनि त्या पोऱ्याले मी हात लावू नही दिना.”

वायर काढून आम्ही डबा अंगणात आणला आणि बाजूची पत्र्याची पट्टी उघडली. आत पंखा आहे हे मला माहीत होतं म्हणून मी ओळखला. एरवी तिथे एक लाल लोकर दिसत होती. वायरींच्या भोकांतून मिरचीची पूड आत गेली होती आणि जॅकेटमुळे बाहेर येऊ शकत नव्हती. पंख्याच्या प्रत्येक पात्यावर, त्याखालच्या जाळीत, कानाकोपऱ्यात पथारीच पसरलेली. मी सांगतो, त्या एका डब्यातल्या पुडीत वऱ्हाडासाठी रस्सा झाला असता.

मी घरून माझे चित्रकलेचे ब्रश आणले, मऊ केसांचे. आक्कानं पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं, म्हणजे ते गरगरणार नाही, आणि वैशालीनं ब्रशनं पूड सैल केली. मग मी सायकलच्या पंपानं हवा मारली. पंप मारण्याआधी वारा कुठून येतोय ते बघायचं असतं, हे मी विसरलो.

ढग उठला. गल्लीतून त्या वेळी एक वरात चालली होती. नवरदेव घोड्यावर रडायला लागला, त्याला पाहून घोडा रडायला लागला. बॅंडवाल्यांच्या पिपाण्यांतून सुरांऐवजी खोकला बाहेर पडला. आणि त्या लाल ढगाच्या मध्यभागी, डोळे मिटून, हातातलं पंख्याचं पातं न सोडता, केसरआक्का शिंकली.

घोडा मी घातला आहे, कबूल. पण शिंक खरी आहे. एकामागून एक सात शिंका. सातवीनंतर अख्खी गल्ली खोकायचं सोडून आक्काकडे बघायला लागली. आक्कानं पदरानं डोळे पुसले, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाली, “काय दखी ऱ्हायनात? पंप मारा, मास्तर.”

त्या दुपारपासून मशीन न थांबता चालली. जॅकेट पुन्हा कधी चढलं नाही. मशीन बंद असली की वर एक सुती फडकं, चालू झाली की ते काढून पाठ उघडी, आणि दर चार दिवसांनी माझा ब्रश. मशीनची जागाही बदलली. पथारीकडच्या खिडकीतून उचलून देवघराच्या भिंतीला, देवांना थोडं सरकवून. “देव शिकतस नही,” म्हणजे देव शिंकत नाहीत, असं आक्काचं स्पष्टीकरण.

उरलेले दोन आठवडे मी भिंतीपलीकडून ऐकले. आक्काला घड्याळातले सेकंद वाचता येत नव्हते, पण एक सूप मिरचीचे देठ खुडायला तिला बरोबर दहा मिनिटं लागत आणि चाचणीही दहा मिनिटांची होती. तेव्हा ती भरलेलं सूप मांडीवर घेऊन वैशालीशेजारी बसायची. “चाल,” म्हणायची, आणि दोघी एकदम सुरू. इकडे देठ तुटल्याचा बारीक आवाज, तिकडे कळांचा. सुरुवातीला सूप संपायचं आणि वैशालीच्या दोन-अडीच ओळी राहायच्या. आक्का पुन्हा सूप भरायची. दिवसाला दहा-दहा सुपं. पथारीवरच्या मालकानं तिला बोलवायला माणूस पाठवला, तर तिनं मिरचीच घरी मागवून घेतली. वैशालीची बोटं सुजली तेव्हा तिनं कोमट पाण्यात मीठ घालून ती शेकली आणि म्हणाली, “हात थकस नही, पोर, मन थकस. हातले मी शेकी दिसू. मनले तूच शेक.”

परीक्षेला तीन दिवस असताना कळांचा आवाज थांबला आणि देठांचा चालूच राहिला. मी भिंतीला कान लावला. लावायची गरज नव्हती, पण सवय.

“झालं, आत्या,” वैशाली म्हणाली.

सुपात पाच-सहा मिरच्या उरल्या असाव्यात. आक्कानं त्या खुडून संपवल्या. अर्धं काम टाकून उठायची तिची रीत नव्हती. मग म्हणाली, “आते आनखी एक डाव.”

वैशाली पास झाली. निकाल कळला त्या दिवशी प्रकाश घरी होता. त्यानं गल्लीत पेढे वाटले, मी तर चार घरांना आधीच सांगून आलो होतो की ती जिल्ह्यात पहिली आली. आक्का म्हणाली, “बरं व्हयनं. भाकर खाई ल्या,” आणि पथारीवर निघून गेली. त्या दिवशी म्हणे तिनं हजेरीच्या वेळी कुणालाच सवाल केला नाही. सगळ्या बाया बिनविचारता आत गेल्या आणि घाबरून नेहमीपेक्षा दुप्पट काम केलं.

नेमणूक मिळाली ती तळोद्याच्या पुढे, सातपुड्याच्या डोंगरातल्या कचेरीत. नव्या गावी एकटी पोरगी कशी राहणार, म्हणून आक्कानं मुकादमकी सोडली. मी म्हटलं, “आक्का, तिकडे पथारी नाही, बाया नाहीत. कुणाची हजेरी घेणार?”

“तठे बी सकाय व्हस ना, मास्तर,” ती म्हणाली.

निघायच्या दिवशी प्रकाशची पिकअप दारात लागली. अंड्यांचे ट्रे उतरवून त्यात संसार भरला होता. वैशाली पुढे प्रकाशच्या शेजारी. आक्कालाही पुढे जागा होती, पण ती मागे चढली, गाठोड्यांच्या मधोमध पाटावर बसली आणि म्हणाली, “मशीन आना.” मी आणि प्रकाशनं तो डबा उचलून तिच्या मांडीवर दिला. मी सवयीनं वर चादर टाकायला गेलो, तर तिनं माझा हात झटकला. या वेळी मात्र हळूच. मग तिनं डबा फिरवला. पंख्याची पाठ बाहेरच्या बाजूला, रस्त्याकडे आली.

“वारा लागू द्या तिले,” ती म्हणाली.

गाडी सुटली. गल्लीच्या तोंडापर्यंत मला ती दिसत होती. एका हातानं फळीला धरलेलं, दुसरा हात डब्याच्या माथ्यावर सपाट टेकवलेला, ताप आहे का बघावा तसा. तिच्या चोळीवर चढवलेल्या जुन्या स्वेटरच्या खिशावर तो हिरवा पोपट टाचलेला होता. गाडी वळली तेव्हा वाऱ्यानं डब्यातला पंखा आपोआप फिरायला लागला.